शाळेच्या अंगणातली रेल्वे आणि नहर

मंडळी, माघी पौर्णिमेच्या सुमारास कचारगडाची यात्रा भरते. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्याचा हा डोंगराळ मुलूख. इथल्या गुहा म्हणजे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान. महाराष्ट्रातून तर लोक येतातच, पण मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण या राज्यांतूनही येतात. कुणी सालेकसा स्टेशनावर उतरतो, कुणी दरेकशाला, आणि पुढं धनेगावच्या वाटेनं सगळे गडाच्या पायथ्याशी जमतात.

या मुलखातून डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्याला दोन वाटा दिसतात. एक रुळांची आणि दुसरी पाण्याची. मुंबई-हावडा मार्गाचे रूळ इथं डोंगरातून जातात. खोलगट जागा आली की तिथं भराव, उंचवटा आला की खोदाई, आणि डोंगरच आडवा आला की बोगदा. पाण्याचं तसं नाही. हाजराचा धबधबा पाहा. उतार मिळाला की पाणी उडी घेतं, न मिळाला की वळसा घालतं. चढायचं मात्र ते नावच काढत नाही.

एकदा वर्गात एका मुलानं मला विचारलं, "गुरुजी, रेल्वे सरळ जाते, मग नहर असा वाकडातिकडा का जाते?" आमच्याकडं कालव्याला नहर म्हणतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. प्रश्न साधा होता. फळ्यावर दोन रेघा ओढून उत्तर देता आलं असतं. पण मनात आलं, हे सांगण्यापेक्षा करून दाखवलं तर? शाळेच्या अंगणात दहा मीटरची छोटी रेल्वे मांडायची, तिच्या शेजारून दहा मीटरचा छोटा नहर काढायचा, आणि नहराचं पाणी परसबागेला द्यायचं. ते काम आम्ही केलं. त्यात काय चुकलं, काय साधलं आणि मुलं शेवटी कुठं जाऊन पोचली, ते आज आपल्याला सांगायचं आहे. कुठल्याही शाळेला हे जमण्यासारखं आहे.

बागेतून छोटी रेल्वे चालवण्याचा छंद परदेशात चांगलाच रुजलेला आहे. जर्मनीतल्या एका कारखान्यानं १९६८ साली बागेसाठी ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची गाडी बाजारात आणली, आणि ते माप पुढं जगभर चाललं. आपल्याकडं पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, आणि सगळा कारभार छपराखाली. पण विकतच्या गाडीची आपल्याला गरज नाही. सुतारानं टाकून दिलेल्या सागाच्या पट्ट्या, रिकामे डबे, थोडी माती आणि पाण्याचा एक ड्रम एवढ्यावर काम भागतं.

पहिली गोष्ट मापाची. आम्ही ठरवलं, सगळं पंचवीस पट लहान करायचं. मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं. त्याचे झाले ६७ मिलिमीटर, म्हणजे पावणेसात सेंटिमीटर. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडं पूर्वी अडीच फुटी छोटी गाडी धावायची. आता तो मार्गही मोठ्या रुळांचा झाला आहे. जुन्या माणसांना ती गाडी आठवते. मुलांना तिचं रूप पाहायचं असेल तर नागपूरला मोतीबागेत छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. त्या गाडीचे रूळ आपल्या मापात तीन सेंटिमीटरांवर येतात. मुलांना दोन्ही मापांच्या पट्ट्या कापायला लावा. छोटी गाडी आणि मोठी गाडी यांतला फरक तेव्हा त्यांच्या हाताला कळतो. रुळांखालचे स्लीपर खऱ्या मार्गावर सुमारे ६० सेंटिमीटरांवर असतात. आपल्याकडं ते अडीच सेंटिमीटरांहून थोडे कमी अंतरावर येतील.

आता नहर. तळाशी दोन मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल पाणी वाहणारा एखादा लहानसा नहर डोळ्यांपुढं आणा. पंचवीस पट लहान केला की त्याचा तळ आठ सेंटिमीटर आणि पाणी तीन सेंटिमीटर खोल. वरती दोन सेंटिमीटर काठ मोकळा ठेवायचा, म्हणजे पाणी उचंबळलं तरी बाहेर जाणार नाही. बाजू तिरप्या हव्यात, जितकी उंची तितकाच बाजूला उतार. म्हणजे वरची रुंदी झाली अठरा सेंटिमीटर. या आकाराची एक फळी कापून घ्या आणि ओल्या मातीतून ओढत न्या. दहा मीटरभर नहर एकसारखा होतो.

पण आकार जमला म्हणून पाणी वाहतं असं नाही. सगळा खेळ उताराचा आहे, आणि इथं डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. सपाट वाटणारं अंगण कधीच सपाट नसतं. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी घ्या. तीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं. दर मीटरला एक, अशा अकरा खुंट्या ठोका आणि नळीनं प्रत्येक खुंटीवर एकाच पातळीची खूण करा. मग पहिल्या खुंटीवर त्या खुणेच्या खाली दहा सेंटिमीटर मोजून तळ धरा, दुसरीवर दहा सेंटिमीटर दोन मिलिमीटर, तिसरीवर दहा सेंटिमीटर चार मिलिमीटर. असं करत शेवटच्या खुंटीवर बारा सेंटिमीटर. दहा मीटरला दोन सेंटिमीटर उतार झाला. एवढा पुरे.

कुणी म्हणेल, खऱ्या नहराला इतका उतार कुठं असतो? बरोबर आहे. तशा नहराला तीन-चार हजार मीटरला एक मीटर उतार पुरतो. आपण पाचशेला एक दिला. कारण असं की नहर पंचवीस पट लहान झाला, पण मातीचे खडे आणि खरखरीतपणा लहान झाला नाही. तीन सेंटिमीटर पाण्याला एक खडा म्हणजे मोठा धोंडा. म्हणून उतार थोडा वाढवून द्यावा लागतो. ही काही आमची युक्ती नव्हे. पुण्याजवळ खडकवासल्याला जलसंशोधनाचं मोठं केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ सालची. तिथं धरणांचे, नद्यांचे, बंदरांचे लहान नमुने बांधून त्यांत पाणी सोडतात, आणि नमुन्यात जे दिसतं त्याचा हिशेब करून मग खरं बांधकाम ठरवतात. नमुन्यात लांबी एका प्रमाणात आणि खोली दुसऱ्या प्रमाणात घेण्याची पद्धत तिथल्यासारख्या शास्त्रज्ञांना नवी नाही. पाण्याला हुकूम देता येत नाही, त्याच्याशी हिशेब करावा लागतो.

त्या हिशेबातली एक गंमत वरच्या वर्गांतल्या मुलांना जरूर सांगा. लांबी पंचवीस पट कमी केली की पाण्याचा वेग पंचवीस पट नव्हे, फक्त पाच पट कमी धरायचा असतो. खऱ्या नहरात पाणी सेकंदाला अर्धा मीटर जात असेल, तर आपल्या नहरात ते दहा सेंटिमीटर जायला हवं. म्हणजे वाळलेलं पान वरच्या टोकाला सोडलं तर शंभर सेकंदांत खालच्या टोकाला पोचलं पाहिजे. फार लवकर पोचलं तर उतार जास्त झाला, पाणी काठ कुरतडेल. रेंगाळलं तर गाळ बसेल. आणि पाणी किती सोडायचं? खऱ्या नहरात सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी असेल, तर आपल्याकडं ते ३१२५ पट कमी. ड्रमची तोटी अशी ठेवा की पंधरा लिटरची बादली सुमारे ४७ सेकंदांत भरेल. दोनशे लिटरचा ड्रम साधारण दहा मिनिटं चालतो. ड्रम आपला तलाव, आणि तोटी म्हणजे तलावाचं तुडूम. ड्रम रिता होत जातो तशी धार बारीक होते, म्हणून तोटी हळूहळू मोकळी करत जायची. तुडूम उघडणाऱ्या माणसाला हेच करावं लागतं.

आता आमची फजिती सांगतो. पहिल्या वेळी आम्ही रेल्वेचा भराव खालच्या बाजूला घातला आणि नहर त्याला चिकटून वरच्या बाजूनं काढला. दिसायला फार छान दिसत होतं. पाणी सोडलं. वरती बादलीभर पाणी गेलं तेव्हा खालच्या टोकाला अर्धी बादलीही आली नाही. बाकीचं गेलं कुठं? दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर मिळालं. रेल्वेचा भराव दोन हात लांबीत खचला होता आणि सागाचे रूळ हवेत लोंबत होते. नहरातून झिरपलेलं पाणी रातोरात भरावात शिरलं होतं. मुलं हिरमुसली, पण त्या दिवशी जो धडा झाला तो पुस्तकानं झाला नसता. पाणी दिसेनासं झालं म्हणजे ते संपलं असं नाही. ते कुठंतरी काम करत असतं.

यावर उपाय आमच्या धानकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. रोवणीच्या आधी बांधीत चिखलणी का करतात? माती पाण्यात तुडवली की तिच्यातली भोकं बुजतात आणि बांधीत पाणी थांबतं. तेच इथं करायचं. सिहार माती पाणी पिऊन टाकते. तळाला कन्हार माती हवी. पण निव्वळ कन्हार वाळली की भेगाळते. म्हणून तीन वाटे कन्हार, एक वाटा बारीक रेती आणि मूठभर बारीक कापलेली तणस, असं पायांनी चांगलं तुडवून तीन-चार सेंटिमीटर जाडीचा थर नहराच्या आतून द्यायचा. नहर बंद असेल त्या दिवसांत वर ओलं पोतं टाकून ठेवायचं. शिवाय नहर आणि भराव यांत वीतभर तरी अंतर सोडायचं, आणि शक्य तर नहर भरावाच्या खालच्या बाजूनं न्यायचा. दुसऱ्या वेळी आम्ही असं केलं, आणि दोनशे लिटरांतलं १८० लिटर पाणी खालपर्यंत पोचलं.

मग आम्ही मूळ प्रश्नाकडं वळलो. रूळ आणि नहर एकाच जागेवरून निघाले. रुळांना आम्ही शंभराला एक असा चढ दिला, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर. मुलांनी डब्यांची गाडी दोरीनं ओढली आणि ती चढली. खरं इंजिनही एवढा चढ चढतं. मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटात तर सदतीसला एक असा चढ आहे. तिकडं नहर दोन सेंटिमीटर खाली उतरला. दहा मीटरांच्या शेवटी दोघांत बारा सेंटिमीटरांचं अंतर पडलं. खऱ्या मापात ते तीन मीटर होतं. प्रश्न विचारणारा मुलगा स्वतःच म्हणाला, "म्हणजे नहराला उंचवटा आला की बाजूनं जावंच लागते!" मला बोलावं लागलं नाही.

पण दोन वाटा कुठंतरी एकमेकींना छेदणारच. तिथं काय करायचं? तीन तऱ्हा आहेत. नहर रुळांच्या बराच खाली असेल तर रुळांखाली मोरी किंवा पूल. नहर वर असेल तर त्याला रुळांवरून पन्हाळीसारखा जलसेतू. आणि दोन्ही एकाच पातळीत आले तर नळी. नहराच्या पाण्याला नळीतून रुळांखाली उतरवायचं आणि पलीकडं पुन्हा वर काढायचं. मुलांना वाटतं, पाणी चढलं! ते चढत नाही. अलीकडच्या पातळीपेक्षा किंचित खालीच ते बाहेर येतं. पारदर्शक नळी वापरली तर ही गोष्ट सगळ्यांना दिसते.

रेल्वे आणि कालवा यांचं नातंही जुनं आहे बरं का. मुंबईहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे आपण शिकवतो. पण त्याच्या आधी, १८५१ सालच्या अखेरीस, उत्तरेत रुडकीजवळ एक वाफेचं इंजिन मातीच्या वाघिणी ओढू लागलं होतं. कशासाठी? गंगेच्या कालव्यासाठी. सोलानी नदीवरून हा कालवा पलीकडं न्यायचा होता. त्यासाठी पन्नास-पन्नास फुटांच्या पंधरा कमानींचा जलसेतू बांधला गेला, आणि १८५४ साली कालव्यात पाणी सोडण्यात आलं. म्हणजे आपल्या देशात इंजिनानं माणसं वाहण्याआधी कालव्याची माती वाहिली!

इथपर्यंत सगळं शास्त्र झालं. खरी कसोटी पुढं होती. नहराच्या कडेला आम्ही परसबागेचे तीन वाफे केले. एक तोंडाशी, एक मध्ये, एक शेपटाला. मुलांचे तीन गट केले आणि प्रत्येकाला एक वाफा दिला. पहिल्या दिवशी तिन्ही दारं उघडी ठेवून पाणी सोडलं. तोंडाचा वाफा तुडुंब भरला, मधला भिजला, आणि शेपटाचा ओलाही झाला नाही. शेवटच्या गटातली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आमच्याकडं पाणीच येऊन नाही राहिलं." वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही. त्या मुलांतल्या कित्येकांनी हे वाक्य घरी ऐकलेलं होतं.

आपल्या भागात सिरपूर, पुजारीटोला, कालीसरार हे बाघ प्रकल्पाचे जलाशय आहेत. जुने मालगुजारी तलाव तर गावोगाव आहेत. पाणी आहे, नहर आहे, पाट आहेत. पण कुठल्याही नहरावर वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा असे दोन शेतकरी असतात, आणि त्यांची भांडणं काही स्वभावामुळं होत नाहीत. ती नहराच्या रचनेतच असतात. पाणी आधी ज्याच्या दारावरून जातं, त्याचा हात आधी पोचतो.

दुसऱ्या दिवशी मुलांनी शेजपाळी लावली. पाणी शेपटाकडून सुरू करायचं आणि तोंडाकडं यायचं. दहा मिनिटांचे तीन भाग, प्रत्येकाला सुमारे दोनशे सेकंद. न्याय झाला, असं मलाही वाटलं. पण पुन्हा तक्रार शेपटाच्याच गटाची. तोटी उघडल्यावर पाणी त्यांच्या वाफ्यापर्यंत यायला शंभर सेकंद लागले. त्यांची अर्धी पाळी वाट पाहण्यातच गेली. मग घड्याळ केव्हा सुरू करायचं? तोटी उघडली तेव्हा, की पाणी दारी आलं तेव्हा? यावर तोंडाचा गट म्हणाला, "तुमची पाळी संपल्यावर नहरात उरलेलं पाणी तुमच्याकडंच वाहत जाते, त्याचं काय?" तेही खरं होतं. भरलेल्या नहरातच तेहतीस लिटर पाणी मावतं.

अर्धा तास वाद चालला. मी मध्ये पडलो नाही. शेवटी मुलांनीच तोड काढली. घड्याळ नकोच, बादली घ्या. प्रत्येक दाराखाली खड्ड्यात बादली ठेवली, भरली की वाफ्यात ओतायची आणि फळ्यावर रेघ मारायची. १८० लिटर पोचतात, म्हणजे बारा बादल्या. प्रत्येकाला चार. पाणी वाटेत मुरलं तर तोटा तिघांनी वाटून घ्यायचा. मग तोंडाचा गटही नहराची गळती बुजवायला आपण होऊन येऊ लागला, कारण आता ती गळती त्याच्याही बादलीतून जात होती.

महाराष्ट्रात २००५ साली सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा झाला. त्यात पाणी वापर संस्थेला पाणी मोजून द्यायचं, आणि संस्थेच्या समितीत तोंड, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांतले प्रतिनिधी घ्यायचे, असं सांगितलेलं आहे. मोठ्या माणसांनी कायद्यात लिहिलेली गोष्ट मुलांना दहा मीटरच्या नहरावर दोन दिवसांत सापडली. कायदा वाचून ती कळते. पण कोरड्या वाफ्याशी उभं राहिलं की पटते.

गुरुजनहो, शाळेत असा नहर काढाल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. काम संपल्यावर पाणी साचू देऊ नका, डास होतात. आणि वाफ्यांचे गट दर आठवड्याला बदला. जो आज तोंडाला आहे त्यानं पुढच्या आठवड्यात शेपटाला बसलं पाहिजे. आमच्याकडं या बदलाच्या दिवशी मुलं आपण होऊन नहराचा तळ तपासतात, खडे वेचतात, ओलं पोतं सारखं करतात. गाडी ओढायला तर रोजच गर्दी असते. पण अंगणात शिरल्यावर आधी शेपटाच्या वाफ्यात बोट खुपसून ओल पाहायची, ही सवय त्यांना कुणी लावली नाही. ती लागली.